बाटलीतली चिमूटभर पूड

तपासणीच्या बशीत जंतूंचा एकही ठिपका नव्हता. सलग तिसऱ्या दिवशी. टाकीमागच्या वस्तीतली अकरा मुलं जुलाबांनी दवाखान्यात, आणि त्यांच्याच नळांचं पाणी माझ्या प्रयोगशाळेत धुतल्या तांदळासारखं निघत होतं. मला त्या बशांचाच राग आला.

साहेब दारातून म्हणाले, "अहो, दोन वाजेपर्यंत सही द्या. पाणी उकळून प्या ही सूचना मागे घ्यायचीय. वरून फोनवर फोन येतायत."

"मग मुलं कशानं आजारी पडली?"

"ते डॉक्टर बघतील. आपण पाणी बघायचं."

वरून फोन आला की हा माणूस खुर्चीतसुद्धा उभा असल्यासारखा दिसतो. मी सही केली नाही. नमुने आणणाऱ्या मामांबरोबर सरळ गाडीत जाऊन बसले.

मामा म्हणजे आमच्या खात्यातले सगळ्यांत काटेकोर. अठ्ठावीस वर्षं नदीचे नमुने आणले, एकदाही लेबल चुकलं नाही. नळाचे नमुने घेणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून या सोमवारी मीच त्यांना आमच्याकडे मागून घेतलं होतं.

वस्तीतल्या पहिल्याच नळाला मामांनी ज्योत धरून तोंड शेकलं, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं. सगळं नियमाप्रमाणे. मग बाटली उघडून थोडं पाणी घेतलं आणि खळखळून ओतून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं.

मी बाटलीवर हात ठेवला. "मामा, थांबा. हे काय करताय?"

"विसळतोय. तीनदा विसळायची ना?"

"आणि तळाची पूड?"

"तीच तर काढतोय. प्रत्येक बाटलीत पांढरं काहीतरी राहिलेलं असतं. कोण धुतं कोण जाणे."

ती पूड आम्हीच घालतो. ती पाण्यातल्या क्लोरीनचा जोर मोडते. पूड नसली की क्लोरीन बाटलीतही काम करत राहतं, आणि तीन तासांनी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मरून जातात. नळाखाली पेला भरून लगेच पिणाऱ्याच्या पोटात मात्र ते जिवंत जातात. नदीच्या बाटल्या विसळायच्या असतात, या नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मी विचारलं होतं बाई, काही वेगळं करायचंय का म्हणून. तुम्ही फोनवर होतात. म्हणालात, नेहमीसारखंच घ्या."

खरं होतं. फोनवर धाकटी बहीण होती. ती याच वस्तीत राहते. पाणी उकळून उकळून वैतागली होती बिचारी. मंगळवारी पहिली बशी कोरी निघाल्यावर मीच तिला म्हणाले होते, सूचना उठायची वाट बघू नकोस, खुशाल प्या.

मामांना दुसरी बाटली न विसळता भरायला सांगितली आणि मी अक्षरशः धावत सुटले.

बहिणीचं दार उघडंच होतं. पाणी उकळायचं मोठं पातेलं फळीवर पालथं घातलेलं. भाची आईच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडली होती, ओठ सुकलेले.

"पहाटेपासून सहा वेळा झालं," बहीण म्हणाली. "पण ताई, पाणी तर चांगलंय ना? तूच म्हणालीस."

मी पोरीला उचललं आणि म्हणाले, "चूक झाली माझी. गाडी आहे, चल."

दुसऱ्या दिवशी दोन बशा टेबलावर शेजारी शेजारी होत्या. विसळलेल्या बाटलीची कोरी. दुसरीवर निळे ठिपके, मोजता येणार नाहीत इतके. साहेबांचा चेहरा उतरला. नळ बंद करायचा, टँकर पाठवायचा, सगळे फोन त्यांनी निमूटपणे केले. मग हळूच म्हणाले, "अहवालात मामांची चूक म्हणून लिहा. दोन वर्षांत निवृत्त होतायत, फार काही होणार नाही त्यांचं."

मामा दारातच उभे होते.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, नमुना कसा घ्यायचा हे मी सांगितलं नाही. त्याच कागदावर वरच्या बाजूला आजारी मुलांचा आकडा आधीच छापलेला होता. अकरा खोडून मी बारा केले आणि खाली सही केली.