उत्तरासाठी सोडलेली जागा

चष्म्याच्या डाव्या दांडीला तिनं पांढरा दोरा गुंडाळला होता. येरमाळ्याच्या स्टँडवर बब्रुवान तो दोरा अंगठ्यानं सारखा करत उभा होता. प्रयाग चष्मा घरी विसरून धाराशिवला तोंडी परीक्षेला गेली होती, तो पोचता करायचा होता... आणि फोन आला. तिच्या कॉलेजातल्या तत्त्वज्ञान विभागाच्या मॅडम होत्या.

"प्रयागताई तुमच्या कोण?"

"बायको."

मग मॅडम बोलेनात. त्या न बोलण्यातच त्याला कळलं. परीक्षेच्या खोलीबाहेर, बाकावर, बसल्या बसल्या... हे सगळं नंतर कानावर आलं.

ती गेल्याला आज बाविसावा दिवस. दुपार आहे. मुलगी हर्षाली स्वयंपाकघरातून म्हणते, "अण्णा, आईचा फोन द्या. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यातच हाय. मॅडम त्याच्यासाठी थांबल्यात."

"देतो की. तू जेव आधी."

फोन घेऊन तो आतल्या खोलीत बसतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या ऑनर्सला बसलेल्या प्रयागनं तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी फोनमध्ये स्वतःच्या आवाजात प्रश्न भरून ठेवले होते. आधी प्रश्न, मग उत्तरासाठी सोडलेली जागा, मग उत्तर. त्या मोकळ्या जागेत तिचा श्वास ऐकू येतो. ती वाट बघत असते.

"जमिनीवर घडा नाही, हे कशानं कळतं?"

श्वास.

"न दिसण्यानं. असता, तर दिसला असता."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसला होता. "घडा न्हाय हे कळाय पदवी लागती व्हय?"

"लागती," ती म्हणाली होती. "तुमचा चष्मा कपाळावर असतो आन् तुम्ही घर डोक्यावर घेता. तुमचं न दिसणं काय कामाचं?"

आता मी तिच्या नियमानं बघतो, तो मनाशी म्हणतो. उजेड आहे, डोळे उघडे आहेत, ती असती तर दिसली असती — म्हणजे ती नाही. एवढं मला पटतं. पण कानांचं काय? असती, तर ऐकू आली असती... आणि ऐकू तर येते.

बब्रुवान पुन्हा तोच प्रश्न लावतो. या वेळी त्या मोकळ्या जागेत तो स्वतःच उत्तर देतो, हळू, शाळेत उभं राहून दिल्यासारखं. "न दिसण्यानं." तिचा श्वास चालू राहतो. नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिचं उत्तर येत नाही. आपलं चुकलं असेल म्हणून तो वाट बघतो, बराच वेळ, आणि मग फोनकडे बघतो.

पडदा काळा आहे. चार्जिंग संपलेलं आहे. श्वास मात्र चालूच आहे, पलंगाच्या पायथ्याशी, तिच्या बसायच्या जागेवरून.

की माझाच आहे? खोलीत दुसरं कोण आहे?

"अण्णा!" हर्षाली दारात येते, हात पुसत. तिला काही ऐकू आल्यासारखं दिसत नाही. तो फोन तिच्या हातात देतो.

"बंद पडलाय की. लावते चार्जिंगला."

ती जाते. फोन गेला तरी श्वास गेलेला नाही. कुणाचा आहे ते बघणं सोपं आहे. आपला क्षणभर रोखायचा आणि कान द्यायचा. प्रयाग असती तर तिनं हेच सांगितलं असतं. थांबला, तर माझा.

ऊन भिंतीवरून खाली आलं आहे. मी सारखा श्वास घेतोय, सोडतोय, मध्ये जराही जागा राहू देत नाही.

रोखून अजून पाहिलेलं नाही.