डेपोतला दुसरा रोलर

“घास गा, नीट घास! अजून एकचा आकडा दिसून राहिला.”

ओव्हरसिअर मनोहरराव हातातल्या घड्याळाकडे बघत ओरडले. चंद्रभानने रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं रोलरच्या पाटीवर पुन्हा फिरवलं. पांढरा आकडा पुसट होत होत गेला. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन गोविंदा चुन्याची वाटी घेऊन बाजूला उभा होता. त्याने बोटानेच दोनचा आकडा काढला. पाटी तापलेली होती, त्यामुळे चुना काढता काढताच वाळला.

रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या कागदांवर वाफेचे दोन रोलर होते. खरा रोलर एकच. दुसऱ्याचा बॉयलर पाच वर्षांपूर्वी तडकला आणि तो भंगारात गेला. कागदावर मात्र तो जिवंत होता. कोळसा खात होता, दुरुस्त होत होता. हिशेब तपासणाऱ्यांनी त्यावर शेरा मारला, आणि त्या हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरलं तेव्हा लोकलेखा समितीने, म्हणजे सरकारने केलेला खर्च तपासणाऱ्या आमदारांनी, दोन्ही रोलर डोळ्यांनी बघायचे ठरवले. सकाळी त्यांनी कळमन्याच्या रस्त्यावर एक नंबरचा रोलर पाहिला. मग मंडळी सिव्हिल लाइन्सला जेवायला गेली. तेवढ्या वेळात चंद्रभानने तोच रोलर दोन मैलांवरच्या डेपोत आणून उभा केला.

“साहेब, एक गोष्ट सांगू का?” चंद्रभान म्हणाला. “भट्टीतला विस्तव काढला तरी बॉयलर संध्याकाळलोक थंडा होत नाही. तुमच्या कागदावर तं लिहून आहे का हा दिवाळीपासून बंद आहे.”

“मग? आमदार काय हात लावून पाहणार आहेत? कपडे मळतील त्यांचे!” मनोहरराव हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू फक्त उभा राह्य. कोणी विचारलं तर हाव म्हण. तुझा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. आज समिती गेली की उद्या सही.”

चंद्रभानने मान हलवली. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. सतरा वर्षे तो रोजंदारीवर रोलर चालवत होता. कायम होण्याचा कागद त्याने कधी पाहिला नव्हता. दर वेळी तो कुणाच्या तरी टेबलावर असे, आणि दर वेळी त्याच्या आधी एखादं काम असे.

त्याला दुसरीच धास्ती होती. धर्मांतरानंतर इंदोऱ्यात मोठ्या माणसांसाठी शाळा निघाली, तिथे वयाच्या चाळिशीत तो अक्षरं शिकला. ज्या दिवशी हजेरीपटावर अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवशी त्याच्या बायकोने, अंजनाबाईने, शिरा केला होता. त्यानंतर मनोहररावांनी पुढे ठेवलेल्या प्रत्येक वहीवर तो सही करत गेला. शाईचं बोट सुटलं याचाच एवढा आनंद होता, की वर काय लिहिलं आहे ते वाचावं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गेल्या महिन्यात त्याने सहज पान उलटलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. दोन नंबरच्या रोलरची ती रोजची वही होती. आज एवढे तास चालला, एवढा कोळसा लागला. खाली चालक म्हणून सही, चंद्रभान. भंगारात गेलेला रोलर पाच वर्षे तो चालवत होता.

“म्हनजे बुडाले तं आपनच बुडनार,” वहीची गोष्ट ठाऊक असलेला गोविंदा पुटपुटला.

“चूप राह्य गा. जीप आली.”

तीन जीपमधून दहा-बारा माणसं उतरली. पुढे समितीचे अध्यक्ष, मागे फायली घेतलेले अधिकारी, त्यांच्यात खात्याचे हेडक्लार्क मधुकरराव. सगळे पाटीवरचा आकडा बघून फायलीतला आकडा बघत होते. एकच बाई होती. चारुशीलाबाई, साठीच्या, साताऱ्याकडच्या आमदार. अंगावर शाल, तरी कुडकुडत होत्या. फायलीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बोलत बोलत त्या रोलरच्या आडोशाला आल्या आणि चुलीपुढे धरावेत तसे दोन्ही तळवे बॉयलरकडे धरून उभ्या राहिल्या.

“बरं वाटलं बाई इथं,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. पालथा हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. “अहो साहेब, हा दिवाळीपासून बंद आहे म्हणालात ना?”

“हो बाईसाहेब. ऊन लागलं असेल,” मनोहरराव म्हणाले.

“डिसेंबरचं ऊन? भाकरी भाजेल यावर.”

“म्हणजे, तुम्हांला दाखवायचा म्हणून सकाळी पेटवून पाहिला. पेटवला ना गा, चंद्रभान?”

सगळ्यांची तोंडं चंद्रभानकडे वळली. उत्तर तयार होतं, फक्त हाव म्हणायचं होतं. त्याने मनोहररावांकडे पाहिलं, मग बाईंकडे. ही तरी कोण? आज इथे, परवा मुंबईला. आत्ताच यांच्या ताटाला ताट लावून जेवली असेल.

“बाई, खरं सांगतलं तं माझ्या नोकरीले तुम्ही जामीन राहाल का?” त्याने विचारलं.

अधिकाऱ्यांत कुजबुज झाली. अध्यक्षांनी भुवया चढवल्या.

“नाही,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “ते आमच्या हातात नाही. आम्ही विचारतो आणि अहवाल लिहितो. पुढचं सरकार करतं, किंवा करत नाही.”

सतरा वर्षांत त्याला काहीही कबूल न करणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं. तेवढ्यावर त्याचा विश्वास बसला असं नाही. पण मनोहररावांवरचा होता नव्हता तो उडाला.

“सकाळी पाह्यला तोच आहे हा, बाई,” तो म्हणाला. “एकच रोलर आहे. म्याच आनला इथं. आनाले सांगतलं म्हणून आनला.”

“खोटं बोलून राहिला हा!” मनोहरराव कडाडले. “साहेब, वही काढा. दोन नंबरच्या वहीवर पाच वर्षांपासून याचीच सही आहे.”

वही आली. चारुशीलाबाईंनी पान त्याच्यापुढे धरलं. “तुमची सही?”

“माझीच आहे.”

“रोलर नव्हता, तर सही का केली?”

“वाचलं नाही, बाई. सही येत होती, वाचाची सवय नव्हती.”

कोणी तरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, “त्याचा जबाब लिहून घ्या.” मधुकररावांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून भराभर लिहिलं आणि टाक पुढे केला. “कर सही. मंडळींना उशीर होत आहे.”

चंद्रभानने टाक घेतला नाही. कागद घेतला.

“वाचतो,” तो म्हणाला.

“अरे, तू सांगितलं तेच आहे!”

“असंल. तरी वाचतो.”

तो उन्हाकडे पाठ करून उभा राहिला आणि बोट अक्षराखाली ठेवून वाचू लागला. ओठ हलत होते. जोडाक्षराला अडे, मागे जाई, पुन्हा येई. एका जीपच्या ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, थोड्या वेळाने बंद केलं. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. एक आमदार जांभई देऊन दगडावर टेकले. चारुशीलाबाई मात्र होत्या तिथेच शेकत उभ्या राहिल्या.

चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

“हे काय लिहिलं, मधुकरराव? ‘रोलर मी माझ्या मर्जीने डेपोत आणला.’ असं मी कवा म्हणलं?”

मधुकररावांचा चेहरा उतरला. “घाईत झालं असेल.”

“घाईतही बरोबर माझ्याच गळ्यात आलं,” चंद्रभान म्हणाला. “खोडा ते. अन् अखेरले लिहा, का वहीतल्या सह्या माझ्या आहेत, वाचल्याबिगर केल्या.”

“हे तुझ्याच अंगावर येईल, बाबा,” मधुकरराव हलक्या आवाजात म्हणाले, आणि या वेळी ते खरं बोलत होते.

“येऊ द्या. पन लिहा.”

अध्यक्षांनी मान डोलावली. ओळ खोडली, नवी लिहिली गेली. चंद्रभानने ती नवी ओळही वाचली, आणि मग सही केली.

जीप गेल्या. मनोहररावांनी धूळ खाली बसू दिली. मग म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.” आणि सायकल घेऊन निघून गेले.

गोविंदा डोकं धरून बसला. “काय मिळालं गा तुले? घरी काय सांगशील वहिनीले?”

चंद्रभान भट्टीचं दार उघडून आत बघत होता. “कोळसा टाक. लवकर वाफ धरते आता.”

“आता कोनासाठी? काढून टाकलं ना तुले?”

“उद्यापासून काढलं. कळमन्याच्या रस्त्यावर मुरूम भिजवून ठेवला आहे. उद्यालोक वाळला म्हनजे दबनार नाही, मग साऱ्या गाड्या त्याच्यातच फसतीन.”

पाच वाजता रोलर पुन्हा रस्त्यावर लागला. मिलमधून सुटलेले सायकलवाले घंट्या वाजवत त्याला मागे टाकून गेले. पसरलेल्या मुरमापाशी तो पोहोचला तेव्हा कळमन्याकडून संत्र्यांची एक बैलगाडी येऊन उभी होती.

“जाऊ का, भाऊ?” गाडीवानाने विचारलं.

“थांब जरासा,” चंद्रभान वरून म्हणाला. “अजून एक फेर मारू दे.”

गाडीवानाने कासरा ओढून धरला. रोलर सावकाश पुढे गेला, टोकाला थांबला, आणि तसाच सावकाश मागे आला.