खाजणी बांधातला ण

मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडा, शिसवी मूठ आणि काचेच्या एका बाजूला बारीकसा टवका. मित्रांनो, हल्ली मी कणकवलीत सुनीतीच्या कपाटात असते. शेजारी दोन जाड पुस्तके आहेत. त्यांवर तिच्या वडिलांचे, भाईंचे नाव आहे. माझे कुठेच नाही, आणि खरे सांगायचे तर ते मला जरा लागले आहे.

भाई म्हणजे खारेपाटणचे हरिश्चंद्र मास्तर. पेन्शन सुरू झाली, तसे त्यांनी मला विकत घेतले आणि गावाचा इतिहास लिहायचे मनावर घेतले. वाळवी लागलेले मोडी कागद शोधत आम्ही दारोदार हिंडलो. कुणी चहा पाजायचे, कुणी दारातूनच कटवायचे. "भाईनू, खजिनो गावलो तर आमका पण सांगा हां!" म्हणून धोंडू दुकानदार खिदळायचा. भाई मला कोटाच्या खिशात टाकून पुढचे घर गाठायचे.

काही गोष्टी मात्र कागदावर नव्हत्याच. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेल्या भातजमिनीला आमच्याकडे खाजण म्हणतात. एके वर्षी हा खाजणी बांध फुटला. बाप्ये सगळे मुंबईला. गावच्या बायकांनीच माती वाहून तो पुन्हा घातला. हे भाईंना सांगितले म्हाताऱ्या सीताने.

"माज्या सासयेचा नाव येतला मां पुस्तकात? सावित्री. पयली पाटी तिणाच टाकल्यान."

"येतला गो, येतला," भाई म्हणाले आणि तिथेच पडवीत बसून त्यांनी ते भराभर उतरवून घेतले.

चौऱ्याऐंशी साली भाई गेले. लिहून सारे झाले होते, छापून काहीच नव्हते. मी दोन वर्षे खणात पडून राहिले. मित्रांनो, मला फार एकटे वाटले. खणाबाहेर पाऊल वाजले की भाईच आले असे वाटे, आणि मग खण बंदच राही.

सुनीती कणकवलीच्या कॉलेजात शिकवायची. तिने कागद मुंबईच्या एका छापखान्यात दिले. शहाऐंशीत पहिले पुस्तक आले. ती ते घेऊन थेट सीताकडे गेली आणि मोठ्याने वाचू लागली, "खाजगी बांधावर पहिली पाटी सावित्रीबाईंनी टाकली."

सीताचा चेहरा उतरला. "खाजगी? कोणाचो गो खाजगी? गावाचो बांध तो! तुज्या बापाशीन असा लिवल्यान?"

घरी येऊन सुनीतीने मला भाईंच्या कागदावर धरले. घाईघाईत काढलेला ण हुबेहूब ग सारखा दिसत होता. छापणाऱ्याने खाजण कधी पाहिले नसणार. त्याला ठाऊक होता तो शब्द त्याने लावला. शेवटपर्यंत भाईंनी मला दुसऱ्यांच्या अक्षरांवर धरले, स्वतःच्या अक्षरावर एकदाही नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

मग सुनीती तीनशे प्रती घेऊन बसली. ती मला त्या ओळीवर धरी आणि काळ्या शाईने ग चा ण करी. तळेऱ्याच्या वाचनालयात गेलेल्या प्रतीसाठी ती एसटीने तिकडेही जाऊन आली. शेवटी सीताकडे गेली.

"खंय आसा तो?" सीताने विचारले. तिला वाचता येत नव्हते. सुनीतीने मला तिच्या हातात देऊन ण दाखवला. सीता कितीतरी वेळ माझ्यातून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरा झाला. पण आता ह्या भाईंका कोण सांगतला?"

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सुनीती स्वतः छापखान्यात जाऊन बसली. त्यात एकही चूक नाही. तिची नजर अजून चांगली आहे, त्यामुळे मला कुणी बाहेर काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले मोठे माणूस काही लिहीत असेल, तर त्याच्याजवळ बसून ते वाचा. एखादे अक्षर लागले नाही तर तिथल्या तिथे विचारा. बारीकातले बारीक अक्षर मी मोठे करून दाखवीन. पण ते काढणाऱ्याला हाक मारणे मला जमत नाही.