चारशे सतरा नंबरचा कोरा केसपेपर

“तिच्या कागदाला लाल दोरा व्हता. त्यो कुठं गेला?”

धाकूने हे डॉक्टरांना विचारलं, जाईबाईंना विचारलं, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या रतनला विचारलं, पाहणीला आलेल्या साहेबांनाही विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही. मला उत्तर माहीत होतं. मी त्याच खोलीत, टेबलाखाली, गोणीत पडलेलो. पण मला तोंड कुठलं? मी धाकूच्याच नावाचा केसपेपर, नंबर चारशे सतरा. आज पहिल्यांदा बोलतोय.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. पिवळट जाड कागद, पुढच्या बाजूला चार रकाने, कोपऱ्यात एक भोक. तिथून आमचा गठ्ठा शहाडजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात आला. दवाखान्याच्या मागे दहा पायऱ्या उतरलं की उल्हास नदी.

१९८६ साली दिवाळीच्या आसपास भागीरथी कोळीण दोन पोरांना घेऊन आली. मंजुळा चौदा वर्षांची, घसा सुजलेला. धाकू दहाचा, विळीने बोट कापून घेतलेला. तिला चारशे सोळा नंबर मिळाला, त्याला मी. एका घरचे कागद एकत्र ठेवायची तिथली रीत होती. म्हणून चारशे सोळा कायम माझ्या पुढे आणि मी तिच्या पाठीला लागून. अशी ती माझी थोरली बहीण झाली.

त्याच दिवशी मंजुळाला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. क्षणात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. म्हाताऱ्या डॉक्टरांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी धावपळ करून तिला परत आणलं. मग ते जाईबाईंकडे वळले. रॅकमधून केसपेपर काढून टेबलावर मांडायचं काम जाईबाईंचं. त्यांना वाचता येत नव्हतं, कागद त्या आकड्यांच्या वळणावरून ओळखत. अण्णा म्हणाले, हिला हे इंजेक्शन पुन्हा द्यायचं नाही, तुम्हाला लांबून कळेल अशी काहीतरी खूण करा.

भागीरथीच्या पिशवीत जाळं विणायचा लाल नायलॉनचा दोरा होता. तिने तो चारशे सोळाच्या भोकात ओवला आणि जाळ्याची गाठ मारली. ती गाठ ओढली की आणखी घट्ट होते, सुटत नाही. पुढे ज्याला ज्याला ते इंजेक्शन बाधलं, त्याच्या कागदाला जाईबाई तसाच दोरा बांधत गेल्या. दोरा संपला की मंजुळा घरून नवा आणून द्यायची. अण्णांनी त्या त्रासाबद्दल कागदावर मात्र कधी काही लिहिलं नाही. दोरा असताना लिहायचं कशाला?

मंजुळा कशाहीसाठी आली तरी आधी आपला दोरा बघायची. “माझ्या कागदाचं लगीन झालं जाईबाय, माझंच रायलंय,” असं एकदा म्हणाली. धाकू चौथीतून शाळा सोडून नदीवर जायला लागला होता. त्याला कधी साधं पडसंही होत नसे, त्यामुळे माझ्यावर बोट कापल्याची एकच ओळ. मंजुळा मला उलटसुलट करून त्याला चिडवायची. “तुझा कागद म्हंजे तुझी पाटीच रं. कोरी.”

मला ते आवडायचं. मी कोरा होतो, पण एकटा नव्हतो.

१९९५ साली अण्णा निवृत्त होऊन गावी गेले आणि नवे डॉक्टर आले. त्याच सुमाराला नौपाड्याच्या एका ऑफिसातून एक साहेब फॉर्म घेऊन आले. कोणकोणते देश कॉम्प्युटरवर दवाखाने चालवायला तयार आहेत, याची जगभर पाहणी चालली होती म्हणे. आपल्या देशाच्या उत्तरात ह्या दवाखान्याचंही उत्तर जाणार होतं. त्यांनी कॉम्प्युटर दिला आणि तो चालवायला रतन नावाची शिकलेली मुलगी. जुने कागद दोन महिन्यांत आत चढवायचे, असं ठरलं.

रतन मन लावून काम करायची. कागदावर जे लिहिलं होतं ते तिने अक्षरन् अक्षर चढवलं. मंजुळाच्या नावापुढे पेनिसिलिन दिल्याची तारीखही चढली. मग कागद सपाट रचून बांधायची वेळ आली. दोऱ्यांच्या गाठींनी गठ्ठे नीट बसेनात. तिने कात्री घेतली.

जाईबाई केर काढत होत्या. त्या म्हणाल्या, “कापू नकोस गं. अण्णांनी बांधायला लावलेत ते.”

अण्णा देवभक्त माणूस, हे रतनने ऐकलं होतं. तिला वाटलं, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बांधलेले हे गंडे असतील. तिने कात्री कपाळाला लावली, मनात क्षमा मागितली आणि एकेक दोरा हलकेच कापला. ती भाविक पोर, कचऱ्यात टाकणं तिच्याच्याने होईना. तिने दोऱ्यांवर चार झेंडूची फुलं ठेवून पुडी बांधली आणि निर्माल्य सोडतात तशी मागच्या पायऱ्यांवरून नदीत सोडली. जाईबाईंना वाटलं, शिकलेली मुलगी आहे, दोऱ्याचं सगळं त्या मशीनमध्ये घातलं असेल.

आम्हाला गोणीत भरलं. गठ्ठे बांधताना चारशे सोळा कुठे गेली कळलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढे दुसराच कोणीतरी होता.

साहेब पुन्हा आले, फॉर्ममधले प्रश्न वाचत गेले. वीज आहे? आहे. फोन आहे? आहे. शिकलेला माणूस आहे? आहे. जुनी माहिती सगळी चढली? रतन म्हणाली, सगळी. साहेबांनी खाली लिहिलं, ‘तयार’.

जानेवारीत मंजुळाच्या पायात शिंगाळा माशाचा काटा मोडला. तिसऱ्या दिवशी पाय सुजून घोट्याच्या वर गेला, ताप चढला. धाकू तिला पाठीवर घेऊन आला. मी गोणीतून तिचा आवाज ओळखला.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पेनिसिलिन पूर्वी दिलेलं होतं, त्रास झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे आधी थोडंसं टोचून बघायची गरज नाही, असं त्यांनी रतनला सांगितलं आणि सुई भरायला घेतली.

मंजुळा म्हणाली, “डॉक्टर, माझा दोरा बघितला ना?”

“आता कागद नाहीत, बाई. तुमचं सगळं ह्याच्यात आलंय.”

“पण माझ्या कागदाला दोरा हाय. जाईबायला इचारा.”

जाईबाई मागे पाणी उकळत होत्या. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. धाकूची पाठ भरून आली होती, तो वैतागला होता. तो म्हणाला, “गप बस गं. मशीनला सगलं कलतं.”

तिने पदर सारून दंड पुढे केला.

पुढचं मी सांगणार नाही. श्वासाची ती शिट्टी मी दुसऱ्यांदा ऐकली, आणि ह्या वेळी ती थांबली. मी गोणीत होतो. मला जोडलेलं कोणी नव्हतं की ज्याला धरून बसावं.

त्यानंतर दवाखाना मला भुताटकीचा वाटायला लागला. मंजुळाला पट्टी बदलायला यायची तारीख त्या दिवशी आधीच टाकून झाली होती. मेलेल्या माणसाला यादीतून कसं काढायचं, हे रतनला कोणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी मशीन सुरू झालं की हिरव्या अक्षरांत पहिलं नाव यायचं, ‘मंजुळा, पट्टी बदलणे, बाकी’. रतन ते वाचायची आणि तिची बोटं थांबायची. बाहेर बाकावर सगळ्यांच्या आधी येऊन धाकू बसलेला असायचा. आत यायचा, तोच प्रश्न विचारायचा, आणि जायचा. जाईबाई पदर तोंडात धरायच्या.

फेब्रुवारीत साहेब आले तेव्हा धाकूने त्यांचा फॉर्म धरला. माझ्या बहिणीचं ह्यात लिहा म्हणाला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फॉर्म दोनदा चाळला आणि हळूच सांगितलं की ह्यात तसा रकाना नाही, आणि आधीचा फॉर्म तर कधीच पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी धाकू आला तो होडी बांधायचा दगड घेऊन. ओल्या पायांनी थेट टेबलापाशी गेला, दगड डोक्यावर उचलला. रतन उठलीसुद्धा नाही. मशीनच्या काचेत त्याचं तोंड दिसत असणार, आणि त्याच्यावर ते हिरवं नाव.

जाईबाई मध्ये उभ्या राहिल्या. “फोड. पण आधी ऐक. मंजुळा एकटी नव्हती. इथे बत्तीस दोरे बांधले होते. एकतीस माणसं अजून इथेच येतात, आणि त्यांनासुद्धा ह्या मशीनला सगळं कळतं असंच वाटतंय.”

धाकूचा हात तसाच वर होता. मग त्याने दगड खाली ठेवला आणि खिशातून काहीतरी काढून टेबलावर टाकलं. लाल दोऱ्यांचा ओला गुंता. पायऱ्यांशी जलपर्णीत अडकलेला त्याला सकाळी सापडला होता. नायलॉन कुजत नाही. प्रत्येक तुकड्याला जाळ्याची गाठ तशीच होती, फक्त बाजूने कापलेली. रतन ते बघून रडायला लागली. धाकूने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तिघांनी मिळून गोणी उपसली. लिहायला कोरा कागद हवा होता. धाकूच्या हाताला मी लागलो. त्याने मला उलटं केलं, माझी पाठ पूर्ण रिकामी होती. जाईबाई डोळे मिटून नावं सांगत गेल्या, रॅकमधल्या जागेप्रमाणे, एकही न चुकता. रतन लिहायला पुढे झाली तर धाकूने पेन तिच्याकडे दिलं नाही. तो स्वतः लिहीत बसला. अक्षरं वाकडी, काने पडलेले, वर ‘ह्यांना पेनिसिलिन नको’ आणि खाली दुपारपर्यंत एकतीस नावं. बत्तिसावं त्याने लिहिलं नाही. तिथे थोडी जागा सोडली.

सगळ्यांत लांब तुकडा माझ्या भोकात ओवून त्याने मला मशीनच्या पडद्यासमोर टांगलं. गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ओढून घट्ट केली. डॉक्टर वैतागले, काही दिसत नाही म्हणाले, मला दोनदा बाजूला सारलं. पण गाठ सुटली नाही. मी पुन्हा मध्ये.

आता मी मळलोय, कडा मऊ झाल्यात, काही नावं घामाच्या बोटांनी पुसट झालीत. पंख्याच्या वाऱ्याने एक दिवस भोक फाटेल आणि मी खाली पडेन. त्याआधी एवढंच सांगतो. कुठलीही जुनी खूण कापायची असेल, तर ती बांधणारीला आधी विचारा. तिला वाचता येत नसलं तरी विचारा.

काल तुळसा भाजीवाली आली. हात चिघळलेला, अंगात ताप. डॉक्टरांनी पडदा बघितला आणि सुई भरली. पंखा सुरू होता. मी हललो, काचेवर आपटलो आणि नेमका त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा आलो. त्यांनी मला सारायला हात उचलला, आणि तो हात नवव्या, तुळसाच्या नावावर थांबला.

त्यांनी सुई ताटलीत ठेवली.