डाव्या ब्रेकची फुंकर

मी एक पाइप आहे. पाण्याचा नव्हे, धुराचा नव्हे, नुसत्या हवेचा. तीन इंच रुंद, हातभर लांब, विटकरी रंगाचा, अंगात तारेची वेटोळी असलेला. दोन माणसांच्या एका बुटक्या, वेगवान गाडीच्या नाकापासून निघून मी तिच्या पुढच्या डाव्या चाकापर्यंत जायचो आणि तापलेल्या ब्रेकवर फुंकर घालायचो. घास गरम असला की आई घालते तशी. एवढ्याशा कामाचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण मला जे ठाऊक आहे ते जगात दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातली दुसरी तोंड उघडायला तयार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जन्माच्या वेळी मी एकटा नव्हतो, चांगला पंधरा-वीस हात लांब होतो. मग दुकानदाराने कात्री घेतली आणि माझे तुकडे पाडले. त्यातला एक मी आणि एक माझा जुळा भाऊ, जो पुढे उजव्या चाकाला लागला. आम्हाला घ्यायला जी बाई आली होती तिने मला वाकवून पाहिलं, पिळून पाहिलं, डोळ्याला लावून आरपार पाहिलं. दुकानदार म्हणाला, "ताई, पाइपच आहे, दुर्बीण नाही." ती म्हणाली, "माझ्या भावाच्या गाडीला लावायचाय. दुर्बीण असती तर एवढं बघितलं नसतं."

ही ताई ब्रेकची मिस्त्री. शहराच्या कडेला पत्र्याची एक शेड, आत गाडीखाली उतरायचा खड्डा, एक लांब टेबल आणि भिंतीवर बोल्ट आवळायचे पाने टांगलेले. प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची रेघ काढलेली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते लगेच कळावं. लोक तिला ब्रेकवाली म्हणायचे. लांबलांबून गाड्या यायच्या. एकदा तिचे हात लागले की माणूस उतारावर शिट्टी वाजवत जायचा.

तिचा धाकटा भाऊ चष्मेवाला. काचा घासून, फ्रेमला बसवून द्यायचा. केसाएवढा फरक त्याला अंगठ्याने कळायचा. दिवसभर इतकं जपून काम करणारा हा गृहस्थ महिन्यातून एका रविवारी गाडी घेऊन ट्रॅकवर जायचा आणि चार तास अंगात आल्यासारखी पळवायचा. माणसाचं असं असतं. सहा दिवस शहाण्यासारखं वागलं की सातव्या दिवशी त्याची भरपाई करावीशी वाटते.

तर झालं असं की पाच-सहा फेऱ्या झाल्या की त्याच्या गाडीचा ब्रेक नरम पडायला लागला. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पाय दाबावा तर पेडल खोल जायचं. ताईने चाक काढलं, आतल्या लोखंडी तबकडीवरून, म्हणजे डिस्कवरून, बोट फिरवलं आणि म्हणाली, "धाकट्या, हे भाजलंय. ब्रेकला श्वास नाही मिळत."

त्याने स्वतः काहीतरी जुळवाजुळव करून आणली होती. कुठला तरी कडक प्लास्टिकचा पाइप, चाकाच्या दिशेने हवा सोडणारा. ताईने स्टिअरिंग पूर्ण वळवून दाखवलं, तर टायर त्याला घासत होता. "आणि हवा डिस्कच्या अंगावर मारून काय उपयोग? तिच्या पोटात गेली पाहिजे, मधोमध. तिथून ती आपली आपण बाहेर फेकते." मग तिने पुठ्ठ्याचे तीन नमुने कापले, तिसरा बसला, तसा पत्रा कापून डिस्कच्या मागे बसवला. पुढचे धुक्याचे दिवे काढून तिथे नरसाळी लावली. आणि मधे आम्ही दोघं भाऊ, टायरपासून दोन बोटं लांब राहतील असे आवळले गेलो.

पुढच्या रविवारी भाऊ बारा फेऱ्या मारून आला तरी पेडल पहिल्यासारखं कडक. तो गाडीतून उतरला आणि ताईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पोटात काही नसलेल्यालाही अभिमान वाटू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

त्याच्या बायकोचा या खेळाला मनापासून विरोध होता. पण ती शेडमध्ये आली, खाली वाकून आम्हाला पाहून गेली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही बघताय म्हणून मी यांना जाऊ देते. दुसरं कोणी असतं तर मी किल्लीच लपवली असती." ताई नुसती हसली. तिला ती सगळ्यात मोठी पावती वाटली असणार.

आता ताईचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. जो बोल्ट ज्याने काढला त्यानेच तो लावायचा. जे झाकण ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मधे दुसऱ्याने हात घालायचा नाही. "एका कामाला दोघांचे हात लागले की मधे काहीतरी राहतं," असं ती म्हणायची. तीस वर्षांत या नियमाने तिला कधी दगा दिला नव्हता.

ट्रॅक दोन तासांच्या अंतरावर होता आणि गाडी तिथपर्यंत साध्या रस्त्यानेच चालवत न्यावी लागायची. पाऊस असला की रस्त्यावरचं चिखलपाणी आमच्या पोटातून थेट डिस्कवर जायचं. म्हणून निघण्यापूर्वी ताई आमच्या नरसाळ्यांवर रुंद काळी टेप लावायची आणि पोचल्यावर काढायची. लावणारी तीच, काढणारीही तीच. भाऊ तोवर हेल्मेट पुसत असायचा.

त्या रविवारी सकाळी पाऊस होता. ताईने ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली, कारण ती राहिली की ब्रेक लागत नाही. एकदा काढली, मग पेडल दाबून पाहिलं, मग पुन्हा एकदा काढली. ती नेहमीच दोनदा काढते. नंतर खाली बसून उजव्या बाजूची टेप लावली. तेवढ्यात फोन वाजला. गुडघ्यांवर हात दाबत ती उठली आणि टेबलाकडे गेली. भावाने ते पाहिलं. त्याने टेप उचलली, डावीकडे वाकला आणि माझं तोंड बंद केलं. चांगली घासून, चारी कडा अंगठ्याने दाबून लावली. काम त्याचंही नेटकंच.

ताई परत आली. "डावीकडची कुणी लावली?"

"मी. तुझे गुडघे दुखतात ना."

"बरं," ती म्हणाली.

तिच्या लेखी त्या 'बरं'मध्ये पुढचं सगळं आलं. लावली त्याने, काढणार तो. पण तिचा नियम त्याला कुठे माहीत? तो काही तिच्या हाताखाली शिकला नव्हता. त्याच्या लेखी ब्रेक म्हणजे ताईचं काम. त्यात आपण जरासा हात लावला तो केवळ मायेपोटी.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. ताई उजवीकडे बसली आणि भावाची, म्हणजे माझ्या भावाची, टेप काढली. मान वर केली तर धाकटा डाव्या चाकापाशी वाकलेला. तो टायरची हवा मोजत होता. तिला वाटलं, टेप काढतोय. काळी गाडी, काळी टेप, नाकाच्या वळणापलीकडचं काय दिसणार? ती उठून पान्यांची पेटी बंद करायला गेली. मी तिथे होतो. मला सगळं कळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, ते कुणी मला विचारावं.

पहिल्या तीन फेऱ्या काही वाटलं नाही. त्या ट्रॅकची बहुतेक वळणं उजवीकडची, त्यामुळे सगळा भार डाव्या चाकावर. चौथ्या फेरीला डिस्क लाल झाली. माझं एक तोंड बंद आणि दुसरं त्या आगीसमोर. बाहेर वारा नुसता घोंघावत होता, टेपवर धडका मारत होता. आतून ती फुटावी म्हणून मी किती तडफडलो असेन. पण ताईच्या दुकानातली टेप, ती हलकी वस्तू कधी घेतच नाही.

सहाव्या फेरीला लांब रस्त्याच्या शेवटी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. त्याने पाय उचलून पुन्हा मारला, पुन्हा मारला. आम्ही लागण्यापूर्वी तो बराच आधी ब्रेक दाबायचा. आमच्या भरवशावर तो उशिरा दाबायला शिकला होता. गाडी टायरांच्या भिंतीत घुसली, स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि त्याचा उजवा अंगठा मनगटासकट पिळवटला गेला. बाकी अंगावर ओरखडाही नाही. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. लोकांना अंगठा म्हणजे काय ते माहीत नसतं.

गाडी ट्रकवर घालून शेडमध्ये आणली. ताईने दिवा घेतला, पुढून पाहायला सुरुवात केली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. नरसाळं फुटलं होतं, पण टेप तशीच होती. तिने ती सोलून काढली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. मोठ्याने, तोंडावर हातसुद्धा न घेता. मग टेपचा गोळा करून जळक्या ऑइलच्या डब्यात टाकला आणि मला सोडवून टेबलावर ठेवलं.

त्याला खरं सांगायचं असंच तिने ठरवलं होतं. दोन महिने ती काम करता करता पुटपुटायची, "धाकट्या, तुझी टेप राहिली, पण बघायला मी हवं होतं." शब्द फिरवून फिरवून पाहायची. पटण्याजोगी एकही रीत तिला सापडली नव्हती, तरी सांगणार होती.

मग एका दुपारी तो आला, बायको बरोबर. हाताची पट्टी निघाली होती. अंगठा होता जागेवर, पण वळत नव्हता. त्याने टेबलावरचा एक छोटा बोल्ट उचलून दाखवायचा प्रयत्न केला आणि तो खाली पडला.

"डॉक्टर म्हणाले, एवढंच," तो म्हणाला. "काचा घासणं संपलं. दुकानात नुसता बसतो आता. ताई, एक सांग. मी उशिरा दाबला का ब्रेक?"

"नाही. वेळेवरच दाबलास."

"मग माझ्याकडून काही राहिलं होतं का? रात्रंदिवस तेच डोक्यात. दुसऱ्या कशाने गेला असता हात तर सोसलं असतं. पण माझ्या हाताने माझा हात घालवला असेल ना, तर मला नाही जगता येणार. खरंच नाही येणार."

ताईने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते. टेपचं नाव काढलं असतं तर डावीकडची कुणी लावली ते त्याला त्याच क्षणी आठवलं असतं. "मी विसरले" एवढं म्हणून भागण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने दुसरंच सांगितलं.

"नळीत हवा राहिली होती. माझ्याकडून."

"तू तर दोनदा काढतेस."

"त्या दिवशी एकदाच काढली. घाई होती."

मी टेबलावर पडून हे ऐकत होतो. तीस वर्षांचं नाव तिने एका वाक्यात मोडून टाकलं, आणि वाक्य खोटं होतं.

त्याने पडलेला बोल्ट डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. "घाई," एवढंच म्हणाला. बायको म्हणाली, "वन्सं, मी तुमच्या भरवशावर..." आणि ती नवऱ्याचा हात धरून दाराकडे वळली. दोघं निघून गेले. त्यानंतर तो या शेडमध्ये एकदाच आला.

बातमीला पाय नसतात, तरी ती ट्रॅकवर गाडीच्या आधी पोचते. ब्रेकवालीने सख्ख्या भावाच्या ब्रेकमध्ये हवा ठेवली म्हणे. हळूहळू गाड्या यायच्या थांबल्या. आता कुणी ऑइल बदलायला येतं, कुणी पंक्चर काढायला. ब्रेकचं नाव कुणी काढत नाही, तीही काढत नाही. भिंतीवरचे पाने सगळे जागच्या जागी असतात, कारण ते उचलायला लागतील असं कामच उरलेलं नाही.

मागच्या महिन्यात भाऊ आला तो गाडी विकायला. बरोबर एक गिऱ्हाईक, पोक्तसा माणूस, मोडकी गाडी घेऊन दुरुस्त करायची हौस असलेला. भावाने त्याला इंजिन दाखवलं, दारं दाखवली. सगळं डाव्या हाताने. बहिणीशी बोलला नाही, पण भांडलाही नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

गिऱ्हाइकाने विचारलं, "आणि ब्रेक?"

"बाकी गाडी चांगली आहे," भाऊ म्हणाला. "ब्रेकचं काम तेवढं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या."

त्याने ते तिला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. तो माणूस सुरक्षित राहावा म्हणूनच म्हटलं. ताई दोन पावलांवर उभी होती. गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "हो. दुसऱ्याकडूनच करून घ्या."

गाडी गेली, माझा जुळा भाऊ तिच्याबरोबर गेला. मला ताईने दिलं नाही. टेबलाखालच्या खोक्यात ठेवलंय. माझ्या तोंडाला टेपचा चिकटा अजून आहे, त्यावर धूळ बसते. कधीतरी ती मला बाहेर काढते, चिकट्यावरून बोट फिरवते आणि परत ठेवते. तिला मला टाकवत नाही आणि दाखवताही येत नाही. कुणी एका श्वासात खरं सांगून टाकलं तर भावाला बहीण परत मिळेल, हे मला कळतं. पण मग त्याच्या वाट्याला तो अंगठा राहील, आणि त्याच्याबरोबर ती सकाळ. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. कुठूनच हवा येत नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी चष्मा करायला गेलात आणि दुकानात उजवा हात मांडीवर ठेवून बसलेला माणूस दिसला, तर फ्रेम बघा, नंबर सांगा, हवापाण्याचं बोला. तो कधी तुम्हाला म्हणाला, की माझी एक बहीण होती, तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचो, तर मान हलवा आणि ऐकून घ्या. मी सांगितलेलं त्याला सांगू नका.