रंभेच्या हातावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी गोंदणाची सुई आहे. आरमोरीच्या बाजारात पाकिटातून निघाले तेव्हा वाटलं होतं, जन्मभर चोळ्या शिवीन. पण गोंदणाऱ्या ठमाबाईने मला माझ्या दोन बहिणींसोबत दोऱ्याने आवळून बांधलं, काजळीत बुडवलं आणि एका पोरीच्या हनुवटीवर टोचलं.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या जत्रेत ठमाबाईने पोतं अंथरलं की बायाबापड्यांची रांग लागे. मेल्यावर सगळे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या. मी नुसती फुगून जायची! पोरी कळवळल्या की ठमाबाईचं वाक्य ठरलेलं, "सोस वं माय. दुखल्याबिगर लेणं लाभत नाई."

१९८४ च्या मंडईत रंभा आली. नववीतली, बडबडी, नर्स व्हायचं म्हणणारी. सोबत पत्रू, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा.

"खरं प्रेम असन तं माह्यं नाव गोंदून घे," तो म्हणाला.

रंभाने हसत हात मागे घेतला. त्याने तिचं मनगट धरून ठमाबाईपुढे दाबून ठेवलं. दुसऱ्याच अक्षराला ती म्हणाली, "थांब ना थोडं." कुणी थांबलं नाही. भोवतालच्या बाया कौतुकाने म्हणाल्या, "केवढा जीव लावते पोरगा!" खोटं कशाला बोलू, मलाही ते प्रेमच वाटलं. तिच्या मनगटावर उठलेली त्याची बोटं मला दिसत होती, तरीही.

पुढच्या मंडईला रंभा एकटी आली. भर दुपारी अंगात स्वेटर. तिने बाही सरकवली तर नावाखाली विडीच्या चटक्याचे तीन डाग.

"हे काय वं?" ठमाबाईने विचारलं.

"वर्गातल्या पोरासंग बोलली म्हनून. आता दुसऱ्या हातावर पन नाव पायजे म्हनते. शाळा सोड म्हनते."

"अन् तू आयकतेस?"

"राग आला का मारते, मंग रडते पन. जीव आहे म्हनून तं जळते ना, बाई. दुखल्याबिगर लेणं लाभत नाई, तूच सांगतलं होतं."

ठमाबाईचा हात थांबला. तिने मला पोत्यावर ठेवून दिलं.

"मी सुईचं बोलली होती, माय. माणसाचं नाई."

इतक्यात पत्रू आला. दुसरा हात कोराच पाहून त्याने रंभेला ओढलं, तेही नाव गोंदलेला तिचा हात धरूनच. लोक हसले. प्रेमातलं भांडण, दुसरं काय! ठमाबाई मात्र दुखरे गुडघे धरत उठली आणि तिने रंभेचा दुसरा हात धरला.

"सोड तिले. पोरगी माह्यासंग चालली."

हसणं थांबलं. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे पाहून पत्रूने हात सोडला. ठमाबाई रंभेच्या घरी गेली, तिच्या आईसमोर बसली आणि सगळं सांगितलं. आपलं वाक्यही लपवलं नाही. तरी मित्रांनो, रंभा एका दिवसात सुटली नाही. त्याने रडून बोलावलं, ती गेली. पुन्हा बोलावलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आईचा हात धरून घरीच बसली आणि दहावीच्या परीक्षेला गेली.

आता मंडईत बॅटरीवरची मशीन आली आहे. मी डबीत गंजत पडले आहे. माझं शेवटचं काम रंभेचंच. दहावीनंतर सहा-सात वर्षांनी ती नर्सच्या पांढऱ्या साडीत आली.

"बाई, हे नाव पुसता येते का?"

मला टोचता येतं, पुसता येत नाही. ठमाबाईने त्यावर फूल गोंदलं. "सोस" म्हणाली नाही. प्रत्येक पाकळीला विचारत होती, "दुखते का? थांबू का वं?" एकदा रंभा "थांब" म्हणाली. ठमाबाई लगेच थांबली. रंभा तेव्हा खूप रडली.

फूल चांगलं उमटलं. पण त्याच्याखाली ते नाव आहेच. मला ठाऊक आहे, दोन्ही मीच गोंदली. डबीतल्या अंधारात अजून तो पहिला आवाज ऐकू येतो, थांब ना थोडं.

मित्रांनो, दुखणं सोसायचं ते सुईचं, तेही तुमची मर्जी असेल तरच. "थांब" म्हटल्यावर जो थांबत नाही, त्याच्या हाती आपला हात देऊ नका. आणि कुणी "थांब" म्हणालं, तर तुम्ही थांबा. मी थांबले नव्हते.