खाकी सॅकचा चार्ज

मी एक जुनी खाकी सॅक आहे. मित्रांनो, ‘जुनी’ म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून ठेवते: एक पट्टा सोडला तर माझी सगळी शिवण मूळची आहे आणि अजून पक्की आहे. त्या पट्ट्याची गोष्ट पुढे येईलच.

नाशिकरोडला ताडपत्र्या आणि गाड्यांची कव्हरं शिवणाऱ्या कुंदनशेठच्या दुकानात माझा जन्म झाला. ट्रकच्या ताडपत्रीतून उरलेलं जाड कापड त्यांनी मशीनखाली घातलं. समोर उभे असलेले सावळीराम म्हणाले, "डबा, रेनकोट आणि स्वेटर मावला की झालं." सावळीराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला होते. त्यांच्या पाठीवर बसून मी कितीतरी वर्षं सायकलवरून ड्यूटीला गेले. भाजीचं तेल, कोळशाची राख, घाम, सगळं माझ्यात मुरलं. त्यांचे सोबती म्हणायचे, "सावळीराम, तू रिटायर होशील, पण ही पिशवी काही होणार नाही." ते ऐकून मी नुसती फुगून जायचे.

तिथे मी एक रीत पाहिली. शिफ्ट संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज द्यायचा. काय चालू आहे, काय बंद आहे आणि लक्ष कशावर ठेवायचं, एवढंच सांगायचं आणि निघायचं. सावळीरामांनी ही सवय घरीही आणली. इंदिरानगरच्या त्यांच्या घरात, बाहेर पडणारा माणूस घरात येणाऱ्याला चार्ज दिल्याशिवाय चप्पल घालत नाही. त्यांच्या पत्नी लताबाई सुरुवातीला या प्रकाराची थट्टा करायच्या. आता सगळ्यांत चोख चार्ज त्याच देतात. शेजारी हसतात, हसू देत बापडे.

पुढे सावळीराम रिटायर झाले आणि सोबत्यांचं बोलणं खोटं ठरलं. मीही झाले. जुन्या गोधड्या आणि बिघडलेला टेबलफॅन यांच्यामध्ये, माळ्यावर. तिथे मला कोणी विचारेना. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

मला पुन्हा उजेड दिसला तो त्यांच्या मुलीमुळे, अंजलीमुळे. ती सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टवर सुपरवायझर आहे. अंजनेरीपासून निघून, ब्रह्मगिरीला वळसा घालून, डोंगरांच्या कडेकडेने हरिहरपर्यंत चार दिवस चालत जायचं असं तिने आणि तिच्या मैत्रिणीने, राखीने, ठरवलं होतं. इतकं लांब ती कधीच चालली नव्हती. मागच्या हिवाळ्यातही असंच ठरलं होतं आणि ऐनवेळी गळालं होतं. "यंदाही रद्द झालं ना, तर मी परत डोंगराचं नावसुद्धा काढणार नाही," असं ती राखीला फोनवर म्हणाली. तिचा आवाज असा होता की ती हे खरं करणार हे मला कळलं.

म्हणून तिने जय्यत तयारी सुरू केली, आणि तिथेच घोळ झाला. ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची. एकजण म्हणे, बूट घोट्याच्या वरपर्यंतच हवेत. दुसरा म्हणे, साधे बूट बरे. गिर्यारोहकांच्या एका ग्रुपवर तिने पाण्याविषयी विचारलं, तर एकाने सापाबद्दल लिहिलं, दुसऱ्याने बिबट्याबद्दल, आणि मग ते दोघे आपापसांतच भांडत बसले. नवी सॅक कोणती घ्यावी यावर तर तिने इतकं ऐकलं की शेवटी कंटाळून मला माळ्यावरून खाली ओढलं. म्हणजे मित्रांनो, मी बाहेर आले ती कुणाच्या प्रेमाने नव्हे, गोंधळाने. पण आले.

मग जो जे सांगेल ते माझ्या पोटात जाऊ लागलं. दोर, शेगडी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जादा बूट, बॅटऱ्या, औषधांचा डबा आणि प्रफुल्लमामाने प्रेमाने धाडलेली घडीची खुर्ची. डोंगरात खुर्ची! मी काय बोलणार?

सरावासाठी एका रविवारी सकाळी ती मला पाठीवर घेऊन त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढायला गेली. लहानपणापासून बुद्धपौर्णिमेला ती या पायऱ्या धावत चढत आलेली. त्या दिवशी मात्र अर्ध्यावरच धापा टाकू लागली. लहान मुलं, आज्या तिच्या पुढे निघून गेल्या. वळणावर ती मला सावरायला गेली आणि माझा डावा पट्टा टरकन उसवला. मला माझी लाज वाटली. ती पायरीवर बसली, डोळे पुसले आणि राखीला फोन लावला.

"राखी, मी रद्द करतेय."

"अगं, पण का?"

"इथल्या पायऱ्या नाही झेपल्या. अजून तर मला निम्मी माहितीपण नाही. काहीतरी सुटणार, आणि नेमकं तेच लागणार."

राखी म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांब. मग तू म्हणशील तसं."

मला उराशी धरून अंजली घरी आली. दारात लताबाई पांढरी साडी नेसून विहारात निघाल्या होत्या. लेकीचा चेहरा बघूनही त्यांनी सवय सोडली नाही. "वरण झालंय. मिक्सर बंद पडलाय, लावू नको. दूध तापतंय, तेवढं लक्ष ठेव. बाकीचं आल्यावर बोलू." आणि त्या गेल्यासुद्धा.

अंजली दारातच उभी राहिली. मग एकटीच हसायला लागली. आतून सावळीराम आले.

"काय झालं गं अंजू?"

"पप्पा, मम्मीने आत्ता मला स्वयंपाकघराचा चार्ज दिला. स्वयंपाक कसा करतात ते नाही सांगितलं. आणि मी बघा, चार दिवसांचा डोंगर एका दमात घोकत बसले होते."

"मला डोंगरातलं काही कळत नाही बाबा," सावळीराम म्हणाले. "पण आधी दूध बघ."

दूध वाचलं. मग राखीकडून तिने एक नंबर घेतला. पहिल्या मुक्कामाच्या पाड्यावर चालत येणाऱ्यांना जेवण देणाऱ्या भागीबाईंचा. तिने फक्त तीन गोष्टी विचारल्या: काय चालू, काय बंद, लक्ष कशावर.

"पानी हिरीला हाय," भागीबाई म्हणाल्या. "वरचं टाकं आटलं, त्याच्या भरवशावर येऊ नका. आन् कपारीत मधाची पोळी हायेत. तिथं गलका नाय करायचा, सेंट लावून नाय यायचं."

"आणि तिथून पुढे?"

"पुढचं पुढच्या पाड्यावर इचारा की."

अंजलीने मला जमिनीवर पालथं केलं. खुर्ची गेली, शेगडी गेली, जादा बूट गेले. पाणी, खाणं, गरम कपडे, टॉर्च आणि जरुरीपुरती औषधं राहिली. सावळीरामांनी दाभण घेऊन माझा पट्टा दुहेरी दोऱ्याने शिवला. लताबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी गुपचूप कोंबली, तिला माझी हरकत नव्हती.

मित्रांनो, राखीच्या सोबतीने काढलेले ते चार दिवस काय सांगू! रोज संध्याकाळी अंजली मुक्कामाच्या गावात उद्याच्या वाटेचा चार्ज घ्यायची, फक्त उद्याच्या. एका दुपारी ती वाट चुकलीसुद्धा. पण चुकली म्हणून बसून राहिली नाही, मागे फिरली आणि विचारून पुढे गेली. समोरून येणारी माणसं भेटली की ती त्यांना मागच्या वाटेचा चार्ज द्यायची. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर माझा शिवलेला पट्टा तिच्या खांद्यावर घट्ट बसला होता. मी याआधी कधीच इतकी खूश झाले नव्हते.

ती घरी परतली तेव्हा दार सावळीरामांनी उघडलं. "आधी चार्ज दे," ते म्हणाले.

"पाय चालू आहेत. डाव्या अंगठ्याचं नख बंद पडलंय."

"आणि लक्ष कशावर ठेवायचं?"

"तुमच्या गुडघ्यांवर. पुढच्या वेळेस तुम्ही येताय."

सावळीरामांनी मला धुतलं, गच्चीवर उन्हात वाळवलं, आणि माळ्यावर न टाकता दाराजवळच्या खुंटीला टांगलं.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी पडून असेल तर तिला खाली काढा, उसवलेलं शिवून घ्या. भरताना मात्र थोडी जागा मोकळी ठेवा. काल माझ्या मोकळ्या कप्प्यात कुणीतरी एक जुनी कानटोपी हळूच ठेवली आहे. तिला बॉयलरच्या राखेचा वास येतो.